रातांब्याच्या बिया टाकू नका: घरच्या घरी मुठेल कसं काढावं

एप्रिल-मेमध्ये कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की अंगणात आमसुलं वाळू लागतात आणि बिया उकिरड्यावर जातात. टाचांच्या भेगांवरचं आपलं जुनं औषध, मुठेल (गार झाल्यावर घट्ट होणारं कोकमाचं तेल), याच बियांतून निघतं. म्हणून दोन्ही कामं एकत्रच करा.

लालबुंद फळं धुऊन अर्धी चिरा. गरासकट बिया पातेल्यात काढून त्यावर मीठ घाला, रस सुटतो. साली दिवसभर उन्हात वाळवायच्या, रात्री त्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. असे पाच-सहा पूट दिले की आमसुलं काळसर, मऊ होतात. ती कोरड्या बरणीत भरा.

आता बिया. पाण्यात चोळून गर पूर्ण काढा, नाहीतर बुरशी येते. मग कडकडीत उन्हात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा. इथे घाई नको, ओलसर बीचं मुठेल खवट होतं. टरफल फोडून आतला गर बारीक कुटा आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळा. अधूनमधून ढवळत राहा, भांड्याला लागू देऊ नका. तेल वर तरंगू लागलं की उतरवून रात्रभर हलवू नका. सकाळी पाण्यावर फिकट पांढरा थर गोठलेला दिसेल. तो काढून पुन्हा वितळवा, पाण्याचा अंश आटवा, गाळा आणि गार होताना मुठीत दाबून गोळे करा.

रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून कोरडे करा, मुठेल किंचित गरम करून भेगांत भरा आणि मोजे घाला. थंडीत फुटलेल्या ओठांनाही ते लावतात. मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त-पू येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अंगावर पित्त उठलं तर आमसुलं भिजवून, कुस्करून ते पाणी अंगाला लावायची आणि प्यायची पद्धत आहे. खाज त्याने शमते असा घरोघरचा अनुभव. पण ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर आमसुलावर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा.

परसात झाड लावायचं असेल तर बीपासूनचं रोप नको. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नर निघालं हे कळेपर्यंत काही वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीचं मादी कलम खात्रीच्या रोपवाटिकेतून आणा.