स्पीकरचा ड्रायव्हर का उडतो आणि तो कसा तपासावा

ड्रायव्हर म्हणजे स्पीकरच्या पेटीतला प्रत्यक्ष आवाज करणारा भाग. लाखो रुपयांच्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच सूर काढणारा छोटा ड्रायव्हर, एखाद्या रात्री अचानक मुका होतो, तेव्हा मालक आधी कंपनीला बोल लावतो. पण बहुतेक वेळा आतली व्हॉइस कॉइल उष्णतेने जळालेली असते. घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेपैकी साधारण १ टक्का किंवा त्याहूनही कमी विजेचा आवाज करतो, आणि उरलेली जवळजवळ सगळी त्या बारीक तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन राहते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्का वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की तो पावणेदोन पटींच्या वर जातो, आवाज दबतो, आणि ऐकणारा नेमका त्याच वेळी बटण आणखी पुढे सरकवतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते, १० डेसिबलला दहापट.

लहान अँप्लिफायरने मोठा स्पीकर जळत नाही, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ताकद संपलेला अँप्लिफायर लहरीचे शेंडे कापतो. त्यामुळे सरासरी वीज वाढते आणि मूळ संगीतात नसलेले वरचे सूर तयार होऊन ट्वीटरच्या नाजूक कॉइलवर येतात. म्हणून आवाज फाटू लागताच बटण मागे घ्यावे.

वूफरची, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरची, गोष्ट निराळी आहे. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या पेटीत ठरावीक वारंवारतेच्या खाली हवेचा आधार सुटतो, कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) बेफाम हलतो आणि कॉइल मागच्या पट्टीवर आपटून टकटक ऐकू येते. वाकड्या रेकॉर्डच्या घरघरीनेही हे घडते, तेव्हा फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, वाटेवर ऐकू न येणारे अतिखालचे सूर गाळणारा सबसॉनिक फिल्टर असावा.

तपासताना अँप्लिफायर बंद करून ड्रायव्हरची एक वायर सोडवावी, कारण क्रॉसओव्हरमधला (उंच आणि खालचे सूर वेगळे करून ड्रायव्हरांना वाटणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर ट्वीटरचे मोजमाप अडवतो. ८ ओहमच्या ड्रायव्हरवर मल्टिमीटर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून हलकेच आत ढकलावा. खरखर लागली तर कॉइल वाकली किंवा फुगली आहे, मग रोध बरोबर आला तरी तो ड्रायव्हर गेला असेच धरावे. ट्वीटरच्या घुमटाला मात्र बोट लावू नये.

नवा ड्रायव्हर जोडण्यापूर्वी स्पीकर सोडवून, गाणे न लावता, चालू अँप्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट चालतील. एखादा व्होल्ट आला, तर दुरुस्ती अँप्लिफायरचीच करावी लागेल.