हळदीच्या पेढीच्या वेबसाइटवर भेटींचा काउंटर: पीएचपी आणि एक टेक्स्ट फाइल

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळद-बेदाण्याच्या पेढीची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. चार-पाच पानं, राजापुरी हळदीचे फोटो, रोजच्या सौद्याचे भाव आणि फोन नंबर. मालकाचा प्रश्न एकच असतो, किती लोक बघतात? एवढ्यासाठी मोठी ॲनालिटिक्स सेवा जोडायची गरज नाही. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट) पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा असतेच आणि तीस-चाळीस ओळींत काम भागतं. पीएचपीचा उगमही याच गरजेतून झाला. १९९४ साली रासमुस लेर्डॉर्फ यांनी आपल्या ऑनलाइन बायोडेटाला किती भेटी होतात हे बघायला सी भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांना ‘पर्सनल होम पेज टूल्स’ म्हटलं. जून १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले.

आधी काय मोजायचं ते ठरवा. एकाच माणसाने पाच पानं उघडली तर पाच हिट होतात, पण भेट एकच. पेढीला भेटीच हव्या असतात, म्हणून इथे एका ब्राउझरची एका दिवसातली एकच नोंद धरली आहे.

फाइली दोन लागतात. काउंटर.पीएचपी ही स्क्रिप्ट आणि संख्या.टीएक्सटी, जिच्यात फक्त एक आकडा असतो. आकड्याची फाइल पब्लिक_एचटीएमएल फोल्डरच्या (ज्यातलं सगळं वेबवर दिसतं) बाहेर, त्याच्या शेजारी ‘डेटा’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा. आत ठेवलीत तर पत्ता टाइप करून ती कुणालाही उघडता येते. फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० परवानगी (म्हणजे फक्त मालक खात्यापुरती) पुरते, कारण बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर पीएचपी दुसऱ्या युजरच्या नावाने चालतंय असं समजा आणि फोल्डरची मालकी त्या युजरला द्या. वैतागून ७७७ देऊ नका, मग सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला ती फाइल बदलता येते. स्क्रिप्टमध्ये फाइलचा पत्ता नेहमी ‘__डीआयआर__’पासून, म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या पत्त्यापासून, सुरू करा. नुसतं नाव दिलंत तर दुसऱ्या फोल्डरमधून स्क्रिप्ट बोलावली की तिथे नवी रिकामी फाइल तयार होते आणि आकडा एकपासून मोजायला लागतो.

आता खरा मुद्दा. आकडा वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहायचा, हे सगळेच करतात. चूक होते ती या तीन कामांच्या मधल्या फटीत. संध्याकाळी कुणीतरी सौद्याच्या भावाची लिंक शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं आणि मिनिटभरात चाळीस जण ती उघडतात. समजा फाइलमध्ये १२०७ आहे. एका विनंतीने १२०७ वाचलं. ती १२०८ लिहिणार तेवढ्यात दुसरीनेही १२०७ वाचलं. दोघी १२०८ च लिहितात. माणसं दोन आली, आकडा एकाने वाढला. याला रेस कंडिशन म्हणतात.

उपाय साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखा आहे. काट्यावर एका वेळी एकच ट्रॉली. ती उतरून पावती होईपर्यंत मागची बाहेर थांबते. पीएचपीत हे काम फ्लॉक हे फंक्शन करतं, पण कुलूप वाचण्याच्या आधी लावायचं असतं आणि लिहून झाल्यावरच काढायचं असतं. फाइलमध्ये लिहिणाऱ्या फाइल_पुट_कंटेंट्सला लॉक_ईएक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) जोडून बरेच जण निश्चिंत होतात. ते कुलूप फक्त लिहिण्यापुरतं असतं, वाचणं त्याच्या बाहेर राहतं, त्यामुळे वरची चूक जशीच्या तशी होते.

खाली फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा. लॉकचे स्थिरांक मात्र मोठ्या अक्षरांत. क्रम बदलू नका:

एफओपनने फाइल ‘सी प्लस’ मोडमध्ये उघडा.
फ्लॉकला लॉक_ईएक्स देऊन कुलूप लावा.
स्ट्रीम_गेट_कंटेंट्सने मजकूर वाचा, इन्टव्हॅलने त्याचा आकडा करा, एक मिळवा.
एफट्रंकेटने फाइल शून्य बाइटची करा.
रिवाइंडने सुरुवातीला या.
एफराइटने नवा आकडा लिहा, मग एफफ्लश.
फ्लॉकला लॉक_यूएन देऊन कुलूप काढा, एफक्लोजने फाइल बंद करा.

‘सी प्लस’च का? ‘डब्ल्यू’ किंवा ‘डब्ल्यू प्लस’ मोड फाइल उघडताक्षणी, म्हणजे कुलूप लागण्याच्या आधीच, ती पुसून टाकतो. वाचायला जावं तर हाती रिकामी फाइल येते, इन्टव्हॅल शून्य देतं आणि काउंटर एकवर येऊन बसतो. ‘आर प्लस’ पुसत नाही, पण फाइल नसेल तर तयारही करत नाही. ‘सी प्लस’ फाइल नसल्यास करतो, असल्यास हात लावत नाही.

रिवाइंड विसरणं ही दुसरी नेहमीची चूक आणि ती ओळखायला सोपी आहे. आकडा १, २, मग १, १, १ असा अडकतो. कारण असं की वाचून झाल्यावर फाइलमधली वाचण्या-लिहिण्याची जागा आकड्याच्या शेवटी असते. एफट्रंकेट मजकूर पुसतं, पण ती जागा मागे आणत नाही. पुढचं लिखाण तिथूनच सुरू होतं आणि मधली जागा न दिसणाऱ्या शून्य-बाइटनी भरते. पुढच्या वेळी इन्टव्हॅलला सुरुवातीला हे बाइट लागतात, अंक सापडत नाही, ते शून्य देतं.

एका दिवसात एकच नोंद हवी म्हणून कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी छोटी खूण, ठेवा. सेटकुकीला नाव द्या, किंमत १ द्या, मुदत आजच्या मध्यरात्रीपर्यंत (स्ट्रटोटाइमला ‘टुमॉरो’ दिलं की ती वेळ मिळते) आणि पाथ ‘/’. कुकी आलेली असेल तर आकडा फक्त वाचून दाखवा, वाढवू नका. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा. बऱ्याच सर्व्हरांची वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते, आणि मग तुमचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. यार्डात पहाटेच फोन बघणारी माणसं असतात, त्यांची मोजणी आदल्या दिवसात जाते.

‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ असा इशारा आला तर कुकी पाठवण्याआधी काहीतरी छापलं गेलंय. बहुतेक वेळा पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी मोकळी ओळ असते. ती नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ अशी सेव्ह झाली आहे का बघा. ते तीन बाइट डोळ्यांना दिसत नाहीत.

कुकीऐवजी आयपी पत्ता धरून मोजण्याचा मोह टाळा. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, त्यामुळे तासगाव-मिरजेची कितीतरी माणसं एकच मोजली जातील. शिवाय लोकांचे आयपी साठवून ठेवायची जबाबदारी विनाकारण अंगावर येते.

काउंटर पानाच्या आतच लिहावा की वेगळा? वेगळाच. लाइटस्पीडसारखं कॅशे चालू असेल तर पान तयार प्रतीतून जातं, पीएचपी चालतच नाही आणि आकडा दिवसभर गोठलेला दिसतो. म्हणून पानात जावास्क्रिप्टच्या तीन-चार ओळी ठेवा. त्या फेचने काउंटर.पीएचपीला बोलावतील आणि आलेला आकडा जागेवर घालतील. काउंटर.पीएचपीने उत्तरासोबत ‘कॅशे-कंट्रोल: नो-स्टोअर’ हे हेडर पाठवायला हवं. वेगळ्या काउंटरचा दुसरा फायदा मोठा आहे. लिंक पाठवताना व्हॉट्सॲप झलक दाखवण्यासाठी पान मागवतं, पण जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून ती खोटी भेट मोजली जात नाही. बहुतेक साधे बॉटही (पानं आपोआप उघडणारे प्रोग्रॅम) इथेच गळतात. गूगलबॉट मात्र जावास्क्रिप्ट चालवतो, तेव्हा यूजर-एजंट या ब्राउझरने सांगितलेल्या ओळखीच्या मजकुरात ‘बॉट’, ‘क्रॉल’, ‘स्पायडर’ यांपैकी काही असेल, किंवा तो रिकामाच असेल, तर वाढवू नका. बॉट कुकी सांभाळत नाहीत. गाळले नाहीत तर त्यांची प्रत्येक फेरी नवी भेट होते.

आकडा मराठीत दाखवायला नंबरफॉर्मॅटरला ‘एमआर_आयएन’ द्या, तो १,२३,४५६ असा, आपल्या स्वल्पविरामांसह देतो. साधं नंबर_फॉर्मॅट हजारांचे गट पाडतं, म्हणजे १२३,४५६, आणि अंकही इंग्रजी ठेवतं. नंबरफॉर्मॅटरसाठी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘इंटल’ एक्स्टेन्शन चालू असावं लागतं.

आता चाचणी, आणि ही वगळू नका. हाताने दोनदा रिफ्रेश करून रेस कंडिशन कधीच दिसत नाही. आपल्या संगणकावर झॅम्प (घरच्या घरी सर्व्हर चालवायचा संच) घ्या, त्यातल्या अपाचे सर्व्हरसोबत ‘एबी’ हे एकदम अनेक विनंत्या सोडणारं साधन येतं. त्याला एकूण ५०० विनंत्या, एका वेळी २०, असं सांगून काउंटर.पीएचपीवर सोडा. एबी कुकी परत पाठवत नाही, म्हणून प्रत्येक विनंती नवी भेट धरली जाते. आधी १२०७ असेल तर नंतर बरोबर १७०७ दिसलं पाहिजे. एकही कमी नको. मग फ्लॉकची ओळ काढून पुन्हा चालवा आणि किती भेटी हरवतात ते बघा. होस्टिंगवर ही चाचणी करू नका, तिथलं संरक्षण तुमचाच आयपी अडवू शकतं.

रोजचा किंवा पानागणिक आकडा हवा झाला की टेक्स्ट फाइल सोडून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. तारीख आणि पान मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख), तिसरा स्तंभ संख्या. ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ जोडून संख्या एकाने वाढवली की वाचणं-लिहिणं एकाच हुकमात होतं, कुलपाची काळजी डेटाबेस घेतो. हे एसक्यूलाइट ३.२४ पासून चालतं, आवृत्ती आधी तपासा. नवी हळद बाजारात आल्यावर भावाचं पान किती उघडलं जातं हे मालकाला तेव्हाच कळतं, एकूण आकड्यातून ते कळत नाही.

वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवताना ‘डेटा’ फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर आहे हे विसरायला होतं, कारण बहुतेक जण आतलंच तेवढं उतरवून घेतात. आधी ते फोल्डर उतरवा. आणि रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) संख्या.टीएक्सटीची एक प्रत तारखेच्या नावाने बाजूला ठेवा, म्हणजे कधी आकडा एकवर आलाच तर कालच्या प्रतीतला आकडा हाताने परत लिहिता येतो.