पोकर: लूज टेबलवर एक्के आले की रेझ मोठा ठेवा

होल्डेम पोकरच्या १/३ डॉलरच्या (म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा १ आणि ३ डॉलर) लूज टेबलवर, जिथे बरेच जण हलक्या पत्त्यांवरही खेळतात, एक्क्यांची जोडी घेऊन ९ डॉलरचा रेझ केला (पैज वाढवली), तर चौघे सहज कॉल करतात (तेवढेच पैसे लावून खेळात राहतात). कुठल्याही पत्त्यांच्या एका खेळाडूसमोर ही जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, चौघांसमोर जेमतेम ५६.

म्हणून एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा आला की सरळ १५ डॉलर लावा. आधी नुसता कॉल करून बसलेल्या प्रत्येकामागे ३ वाढवा. दोघे असतील तर २१. तरीही तिघे आलेच, तर पुढच्या वेळी आणखी मोठा.

फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन उघड्या पत्त्यांवर) वरची जोडी, म्हणजे त्यातल्या सर्वात मोठ्या पत्त्याची जोडी, हातात असेल तर पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) दोन-तृतीयांश बेट करा, ड्रॉवाले (हात पुरा व्हायला एखाद्या पत्त्याची वाट पाहणारे) पैसे मोजतातच.

एरवी गुपचूप कॉल करणाऱ्याने टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) रेझ केला, तर मात्र एका जोडीवर अडून बसू नका. पत्ते टाका.