पाच हजारांची मर्यादा भरण्याआधी : व्हिडिओंच्या मोठ्या प्लेलिस्ट सांभाळताना या चुका टाळा

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी मी गेली काही वर्षे यूट्यूबवरील प्लेलिस्ट सांभाळतो. खरड छाटणीनंतरची सूक्ष्मघडनिर्मिती, ऑक्टोबर छाटणीनंतरची पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचे औषध), फेलफूट (नको असलेल्या फुटी काढणे), विरळणी, डाऊनी आणि भुरी हे रोग अशा विषयांवरील चर्चासत्रे, शिवारफेऱ्या आणि प्रात्यक्षिके त्यांत असतात. नाशिक परिसरातील इतर गटांच्या बिघडलेल्या याद्याही अधूनमधून माझ्याकडे येतात. गट बदलतो, पण चुका त्याच असतात आणि त्या बहुतेक वेळा ऐन हंगामात उघडकीला येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे काही एकाच यादीत टाकत राहणे. यूट्यूबच्या एका प्लेलिस्टमध्ये जास्तीत जास्त ५,००० व्हिडिओ राहू शकतात. हा आकडा ऐकला की नवशिक्याला वाटते, आपल्याला एवढे कधी लागणार? हिशेब मात्र सोपा आहे. सहयोगाची, म्हणजे इतरांना यादीत व्हिडिओ जोडू देणारी, लिंक ४० जणांच्या हाती दिली आणि प्रत्येकाने वर्षाला २५ व्हिडिओ टाकले, तर पाच वर्षांत यादी भरते. आमची अशीच भरली. ऑक्टोबर महिना होता, छाटण्या चालू होत्या, पावसाने डाऊनीची धास्ती घातली होती आणि एका सभासदाने टाकलेला व्हिडिओ यादीत जाईना.

यादीचे तुकडे करायचे ठरवून मी त्याच रात्री गूगल टेकआउटमधून, म्हणजे खात्यातील आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून, तिची प्रत घेतली. पुढच्या दोन दिवसांत काय होणार आहे, याची मला कल्पना नव्हती. गटाच्या खात्याचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता, त्या एका ज्येष्ठ सभासदांनी जागा करून देण्याच्या चांगल्या हेतूने दोन संध्याकाळी मोबाइलवर बसून यादीच्या तळाचे सुमारे ४०० व्हिडिओ काढून टाकले. तळाशी आहेत म्हणजे जुने आहेत, असा त्यांचा समज होता. आमच्या यादीत नवे व्हिडिओ शेवटी जोडले जात असल्यामुळे नेमके सर्वांत ताजे व्हिडिओ गेले. प्लेलिस्टमधून काढलेले व्हिडिओ कोणत्याही कचरापेटीत जाऊन पडत नाहीत; दुसऱ्या दिवशी ते परत मागता येतील अशी सोयच तिथे नाही.

माझ्या पुतण्याने प्रोग्राम लिहून ते व्हिडिओ पुन्हा जोडण्याचे ठरवले आणि इथे दुसरी मर्यादा आडवी आली. यूट्यूबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने काम करण्याच्या वाटेला, एका प्रकल्पामागे दिवसाला साधारणपणे १०,००० युनिटांचा कोटा मिळतो. प्लेलिस्टमध्ये एक व्हिडिओ जोडायला ५० युनिटे लागतात आणि काढायलाही ५०च लागतात, म्हणजे दिवसाला २०० व्हिडिओंच्या पुढे गाडी जात नाही. पहिल्या दिवशी २०० व्हिडिओंनंतर काम थांबले. दुसऱ्या दिवशी त्याने तोच प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून चालवला. एपीआय आपण होऊन दुबार नोंदी अडवत नसल्यामुळे आदल्या दिवशीचे व्हिडिओ पुन्हा जोडले गेले, यादी पुन्हा काठोकाठ भरली आणि उरलेल्यांना जागाच राहिली नाही. तिसरा दिवस दुबार नोंदी काढण्यात गेला आणि चौथ्या दिवशी उरलेले व्हिडिओ आत आले. ज्यांच्या बागा त्या दिवसांत पोंगा, म्हणजे डोळे फुटण्याच्या, अवस्थेत होत्या, त्यांना हवी ती माहिती हवी तेव्हा मिळाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रोग्राम वापरायचाच असेल, तर त्याने प्रत्येक यशस्वी नोंदीनंतर आपण कुठवर आलो हे फाइलमध्ये लिहून ठेवले पाहिजे आणि जोडण्याआधी तो व्हिडिओ यादीत आहे का, हे पाहिले पाहिजे. वाचणे स्वस्त आहे : एका विनंतीत ५० नोंदी येतात आणि तिला एकच युनिट लागते, त्यामुळे पूर्ण ५,००० नोंदींची यादी १०० युनिटांत वाचून होते. हे शंभर युनिट वाचवण्यासाठी तपासणी टाळणारा माणूस पुढे दहा हजार घालवतो. कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नव्याने मिळतो. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. मी अशी कामे दुपारच्या जेवणानंतरच सुरू करतो. रात्री बारा वाजता ‘नवा दिवस सुरू झाला’ म्हणून प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून पाहणारी मुले मी पाहिली आहेत; त्या उतावळेपणातून काही निष्पन्न होत नाही.

आता मी कोणतीही यादी १५० व्हिडिओंच्या पुढे जाऊ देत नाही. प्लेलिस्ट चालू असताना बाजूच्या पट्टीत एका वेळी सुमारे २०० व्हिडिओच दिसतात, आणि यादीचे पान संगणकावर शंभर-शंभरच्या टप्प्यांनी उघडत जाते. त्यामुळे ५,०००ची परवानगी असली, तरी माणसाच्या उपयोगाची मर्यादा फार अलीकडे आहे. याद्यांची विभागणी मी छाटणीनंतरच्या अवस्थांनुसार करतो आणि नावाच्या आरंभी क्रमांक घालतो : ‘०१ छाटणी व पेस्ट’, ‘०२ पोंगा ते फेलफूट’, ‘०३ फुलोरा व विरळणी’, ‘०४ पाणी उतरल्यानंतर’. ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे नवीन’ आणि ‘महत्त्वाचे २’ अशी नावे ठेवणाऱ्यांना मी दरवेळी विनंती करतो की ती आधी बदला.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्लेलिस्टला संग्रह समजणे. प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. मूळ मालकाने व्हिडिओ काढला किंवा खासगी केला, की आपल्या यादीतून त्याचे शीर्षकही जाते आणि मागे नुसती रिकामी नोंद उरते. यूट्यूब अशा नोंदी लपवून ठेवते, त्यामुळे यादी निरोगी वाटत राहते. पानावरील तीन ठिपक्यांच्या मेनूतून अनुपलब्ध व्हिडिओ दाखवण्याचा पर्याय निवडला, की खरी स्थिती कळते. टेकआउटची प्रतही इथे पुरी पडत नाही, कारण प्लेलिस्टच्या त्या फाइलमध्ये व्हिडिओचा अकरा अक्षरांचा आयडी आणि तो जोडल्याची वेळ एवढेच असते, शीर्षक नसते. वर सांगितलेल्या प्रसंगात ११ व्हिडिओ परत आलेच नाहीत, कारण मधल्या काळात मालकांनीच ते काढून टाकले होते. आमच्याकडे त्यांचे आयडी होते, पण ते व्हिडिओ कशाविषयी होते, कोणाचे होते आणि कोणी कशासाठी सुचवले होते, हे सांगता येईना. विषय कळला असता, तर त्याच विषयावरचे दुसरे व्याख्यान शोधता आले असते.

त्यानंतर मी एक साधी स्प्रेडशीट ठेवायला लागलो. आयडी, शीर्षक, चॅनल, प्रसारणाची तारीख, छाटणीनंतरचा कितवा दिवस आणि ‘हा व्हिडिओ का ठेवला’ याचे एक वाक्य, एवढेच रकाने त्यात आहेत. आधी शीटमध्ये नोंद आणि मगच प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ, हा क्रम मी मोडत नाही. आयडीच्या रकान्यावर काउंटइफ हे मोजणीचे सूत्र लावले की दुबार नोंद लगेच दिसते. दर रविवारी संध्याकाळी मी प्रत्येक यादीतील अनुपलब्ध नोंदी पाहतो, शीटवरून त्यांचे शीर्षक शोधतो, पर्याय मिळाला तर जोडतो आणि रिकामी नोंद काढून टाकतो. हे काम हाताने का करता, एखादे अ‍ॅप नाही का, असे मला विचारले जाते. अ‍ॅपे असतील, परंतु ‘का ठेवला’ हे वाक्य कोणतेही अ‍ॅप आपल्यासाठी लिहून देणार नाही, आणि ते वाक्य ज्याला सुचत नाही त्याने तो व्हिडिओ यादीत टाकूच नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ‘वॉच लेटर’ हे कोठार म्हणून वापरू नका, कारण त्यालाही ५,०००चीच मर्यादा आहे, ते इतरांना दाखवता येत नाही आणि एपीआयने वाचताही येत नाही. दुसऱ्याची प्लेलिस्ट ‘सेव्ह’ केली म्हणजे तिची प्रत आपल्याकडे आली असे नसते. मालकाने ती पुसली की आपल्याकडूनही ती जाते, म्हणून हवे ते व्हिडिओ स्वतःच्या यादीत जोडा. क्रम महत्त्वाचा असेल तर मांडणी ‘मॅन्युअल’ ठेवा. लोकप्रियतेनुसार लावलेल्या यादीत विरळणीचा व्हिडिओ पेस्टच्या आधी येऊन बसतो. गटापुरती यादी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसणारी, पुरेशी असते. खाते गटाचे असावे आणि पासवर्ड दोघांकडेच असावा. याद्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर उभ्या करू नका.

एक चूक मात्र द्राक्षाच्या याद्यांत विशेष घातक ठरते, ती म्हणजे जुन्या फवारणी-शिफारशींचे व्हिडिओ तसेच राहू देणे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारस केलेल्या औषधांची अ‍ॅनेक्शर-५ ही यादी आणि तिच्यातील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी यांत बदल होत असतात, परंतु काही वर्षांपूर्वीचा व्हिडिओ तेव्हाचेच औषध तेवढ्याच खात्रीने सांगत राहतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मी शीट प्रसारणाच्या तारखेनुसार लावतो, औषधांची नावे घेणारे जुने व्हिडिओ नव्या अ‍ॅनेक्शरशी ताडून पाहतो आणि जे जुळत नाहीत ते ‘जुने – फवारणीसाठी वापरू नये’ या वेगळ्या यादीत हलवतो. छाटणी, विरळणी आणि वळण देण्याचे जुने व्हिडिओ जिथल्या तिथे राहतात.