जमीन बदलली की कुत्र्याची धाव बदलते

सपाट गवताळ मैदानावर तासाला साठ किलोमीटरच्या पुढे जाणारा कुत्रा खडकाळ माळावर पहिल्याच धावेनंतर लंगडत परत येतो, आणि दोष दिला जातो त्याच्या दमसासाला. खरं तर दम बहुतेक वेळा पुरेसा असतो. तयार नसतात ते पाय. नजरेवर पळणाऱ्या, म्हणजे वासाऐवजी डोळ्यांनी शिकार हेरून तिच्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत ‘फिट आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या जमिनीसाठी फिट आहे, ते विचारावं लागतं.

जातीजातींतला फरक जमिनीनेच घडवलाय. ग्रेहाउंड काही ढांगांतच पूर्ण वेगाला पोचतो, पण तो वेग थोडाच वेळ टिकतो. सालुकी वेगात किंचित मागे राहील, पण लांब पल्ल्यावर आणि उन्हात टिकेल. त्याची मधली बोटं लांब असतात आणि बोटांमध्ये केस असतात, त्यामुळे वाळूत आणि खडीवर पंजा सांभाळला जातो. डिअरहाउंडचे राठ केस आणि दणकट हाडं डोंगराळ, ओलसर मुलखातली. तरी जात म्हणजे फक्त सुरुवातीचं भांडवल. मऊ हिरवळीवर वाढलेला सालुकीही खडीवर तळवे सोलून घेतो.

आधी कायद्याचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्रे सोडून ससे पळवण्याला २००४ च्या कायद्याने मनाई आहे. अशा ठिकाणी दोरीने ओढलेल्या आमिषामागे कुत्री पळवतात. पायांची तयारी खऱ्या शिकारीला आणि आमिषाला, दोन्हीकडे सारखीच लागते. फक्त आमिषाच्या दोरीने पाय भाजल्यासारखे सोलले जातात, तेवढा धोका जास्तीचा.

तयारी तळव्यांपासून. पहिल्या आठवड्यात पट्ट्याला बांधून कडक मातीच्या रस्त्यावर रोज पंधरा-वीस मिनिटं चालवा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत पाऊण तासावर या, आणि त्यातला निम्मा वेळ दुडक्या चालीचा ठेवा. रोज परतल्यावर पंजाखालची प्रत्येक गादी अंगठ्याने दाबून दुसऱ्या पायाच्या त्याच गादीशी ताडून पाहा. गादी गरम लागली, किंवा खरखरीतपणा जाऊन गुळगुळीत चकाकी आली, तर घासणं जास्त झालंय. दोन दिवस मऊ जमीन. भिजलेला तळवा मऊ पडतो, म्हणून ओढ्यातून बाहेर आलेल्या कुत्र्याला लगेच खडकावर पळवू नये. ही चूक सर्रास होते.

नखं अशी ठेवा की कडक फरशीवर उभा असताना ती जमिनीपासून जेमतेम वर राहतील. लांब नख दगडात अडकलं की बोटाचा सांधा निखळतो. फारच आखूड कापलं तर चिखलात पकड जाते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, वर असलेलं नख निरुपयोगी समजू नका: जोरात वळताना मनगट इतकं वाकतं की हे नख आणि मनगटामागची गादी, दोन्ही जमिनीला लागतात. हे नख वारंवार फाटत असेल तर धावेपुरती चिकट ताणपट्टी दोन वेढे गुंडाळा. खाली एक बोट सहज जायला हवं, आणि धाव संपताच पट्टी काढायची.

आता जमिनी. खडकाळ माळावर पहिले तीन-चार दिवस कुत्र्याला मोकळं सोडून नुसतं दुडकू द्या. दगड ओळखून पाय कुठे टाकायचा ते त्याला त्याचं कळतं, आपल्याला शिकवता येत नाही. नांगरटीत ढेकळांवर पंजा तिरपा पडून मनगट मुरगळतं. ओल्या काळ्या मातीत तर बोटांमध्ये चिखलाचे गोळे धरतात आणि प्रत्येक ढांग महाग होते. सपाट मैदानावर तीन धावा करणाऱ्याला इथे एकच पुरे. सुट्या वाळूत मागचा पाय रेटतो पण जमीन मागे सरकते, त्यामुळे मांडीच्या आतल्या स्नायूवर ताण येतो. सुरुवात ओल्या, घट्ट वाळूवर करा.

डोंगरात आधी फक्त चढ. चढाने मागचे पाय आणि छाती तयार होते; उताराचा सगळा मार पुढच्या पायांवर बसतो. किमान सहा आठवडे चढावर मेहनत झाल्याशिवाय उतारावर पूर्ण वेगाने सोडू नये. उंच गवतात नजर तुटते, मग कुत्रा मध्येच उडी मारून बघायला शिकतो. तिथे कुसळं बोटांच्या बेचक्यांत आणि कानात शिरतात, ती त्याच दिवशी काढायची. राहिलेलं कुसळ आत सरकत जाऊन पू धरतं. दव गोठून कडक झालेल्या जमिनीवर पळवूच नका. काटेरी तारेचं कुंपण कुठे आहे, हे सोडण्याआधी स्वतः चालून बघा. या कुत्र्यांची कातडी पातळ आणि खाली चरबी नावालाच, त्यामुळे तार लागली की कातडी पिशवीसारखी उघडते.

बोटांमधल्या पडद्याची चीर क्षुल्लक दिसते, पण फार छळते. प्रत्येक पावलाला बोटं फाकतात आणि चीर पुन्हा उघडते. घातलेले टाकेही अनेकदा सुटतात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुवा, बोटांमध्ये कापूस भरून पंजा बांधा आणि पूर्ण बरं होईपर्यंत फक्त पट्ट्याला बांधून चालवा. खोल असेल तर पशुवैद्याकडे.

कोवळा कुत्रा कुठल्याही जमिनीवर जीव तोडून पळतो, हीच पंचाईत. मुरलेला मात्र ढेकळांत वेग धरून ठेवतो, बांधाचा आडोसा घेतो, वळण आतून कापतो. हे शहाणपण यायला वेळ द्या: नव्या जमिनीवर पहिल्या तीन-चार खेपांना एका दिवशी एकच धाव, तीही ताज्या पायांवर.

धावेआधी चार तास भरपेट जेवण नको, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फिरण्याचा, म्हणजे जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा, धोका मोठा असतो. एरवी ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असलेलं शरीराचं तापमान जोरदार धावेनंतर ४१ च्या वर जाऊ शकतं. जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबली किंवा मागचा भाग डुलायला लागला, तर सावलीत नेऊन सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवू नका. खाली उष्णता कोंडते. पाठीचे स्नायू लाकडासारखे कडक झाले आणि लघवी तपकिरी झाली, तर स्नायू तुटून त्याचा मार मूत्रपिंडावर पडतोय असं समजा. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

एरवी दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा जागेवरून उठताना त्याची पहिली दहा पावलं बघा. आखडलेपणा चालता चालता सुटला तर स्नायू नुसते दुखतायत, दिवसभर हलकं चालणं पुरे. चालताना लंगडणं वाढत गेलं, तर त्या पायाच्या नखापासून खांद्यापर्यंत एकेक सांधा वाकवून बघा. जिथे तो पाय ओढून घेईल, दुखणं तिथे आहे.