व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं समजू नका: परदेशी निघण्याआधी या चुका टाळा

नात्यातलं किंवा ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की कागदांची फाईल बरेचदा माझ्याकडे येते. माणसं वेगळी, देश वेगळे, चुका मात्र त्याच. आणि जवळपास प्रत्येक चुकीचं मूळ एकच असतं: कागद हातात असतो, पण तो कुणी वाचलेला नसतो. एजंट म्हणाला, मेहुणा म्हणाला, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. स्वतःच्या व्हिसावर काय छापलंय, हे मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत बघितलेलं नसतं. ज्या गोष्टीवर एवढा पैसा आणि एवढी हौस लागलेली आहे, ती वाचायला दहा मिनिटं न काढणं मला खरंच समजत नाही.

स्टिकरवरची शेवटची तारीख बघून निश्चिंत होणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, स्टिकर समोर धरा. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. एक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वापरता येईल. दोन, किती वेळा प्रवेश करता येईल. तिथे ०१, ०२ किंवा अनेक वेळांसाठी ‘मल्ट’ असं असतं. तीन, प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. या तिन्ही अटी एकाच वेळी लागू असतात. समजा तारखा १ मे ते ३० मे आहेत आणि दिवस १५ आहेत. याचा अर्थ या महिनाभरात कधीही जा, पण राहायचं १५ दिवसच. १ मेला उतरलात तर १५ मेला बाहेर पडायलाच हवं. वरचे दिवस प्रवास पुढेमागे झाला तर सोय म्हणून दिलेले असतात, मुक्काम लांबवायला नव्हे. आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात.

आमच्या ओळखीतले एक काका-काकू ग्रीसला गेले होते. आयुष्यभर बचत करून काढलेली सहल. कॉस बेटावर उतरले असताना हॉटेलवर कुणीतरी सांगितलं की समोर तुर्कस्तानचं बोद्रुम दिसतंय, फेरीने तासाभरात पोचाल, संध्याकाळी परत याल. तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळाला. काकांनी ग्रीसचा व्हिसा काढून बघितला, शेवटची तारीख अजून बरीच लांब होती. सामान हॉटेलच्या खोलीत ठेवून दोघं सकाळी निघाले. कॉसच्या बंदरावर पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला, पण कुणी काही बोललं नाही. बोलणारही नव्हतं, कारण बाहेर जाणाऱ्याला अडवण्याचं काही कारणच नसतं. संध्याकाळी बोद्रुमला फेरीवर चढताना तिथल्या मुलीने स्टिकर पाहिलं आणि बोट ठेवलं: प्रवेश ०१. तो एक प्रवेश वापरून झाला होता.

काकांचा मला फोन आला तेव्हा त्यांचं एकच वाक्य चालू होतं, “अरे, पण तारीख आहे ना अजून!” तारीख होती, प्रवेश उरला नव्हता. औषधं कॉसच्या खोलीत, परतीची तिकिटं अथेन्सहून, आणि नवा शेंगेन व्हिसा सहसा तुम्ही जिथे राहता त्या देशातूनच मागावा लागतो. दोन दिवसांत बोद्रुमला बसून तो मिळत नाही. शेवटी इस्तंबूलहून नव्याने तिकिटं काढून दोघं घरी आले. बॅगा नंतर कुरिअरने आल्या. उरलेली सहल, अथेन्ससकट, तशीच राहिली. दोघांनी कुणालाही फसवलं नव्हतं, एकही कागद खोटा नव्हता. दोन आकडे वाचले असते तर हे टळलं असतं.

म्हणून माझी सवय सांगतो. व्हिसा हातात आला की त्या तिन्ही गोष्टी मी स्वतःच्या अक्षरात एका कार्डावर उतरवतो. फोटो काढून ठेवत नाही, हाताने लिहितो, कारण लिहिताना डोळा थांबतो. त्याखाली प्रवासाचा क्रम लिहितो आणि जिथे जिथे शेंगेनबाहेर पाऊल पडतं तिथे लाल रेघ मारतो. लाल रेघेनंतर पुन्हा शेंगेनमध्ये यायचं असेल तर एक जादा प्रवेश हवा. पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर अर्ज करतानाच किमान दोन प्रवेश मागायचे आणि का हवेत ते कव्हर लेटरमध्ये लिहायचं.

यासाठी शेंगेनचा नकाशा डोक्यात पक्का हवा. सध्या त्यात २९ देश आहेत. युरोपीय संघ म्हणजेच शेंगेन, हा गैरसमज फार पसरलाय. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँड संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसह पूर्णपणे आले. जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

अनेक प्रवेशांचा व्हिसा असणारे तरी सुरक्षित असतात का? तेही नाहीत, कारण त्यांना १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहण्याचा नियम अडवतो. पुष्कळ जण समजतात की जानेवारी ते जून हा एक हिशोब आणि १ जुलैला पाटी कोरी. तसं नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे. उदाहरण घ्या: कुणी १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस राहून आलं आणि १० जुलैला पुन्हा गेलं. त्याच्या हातात नवे ९० दिवस नाहीत, ३० आहेत. म्हणजे ८ ऑगस्टला बाहेर पडायलाच हवं, कारण मार्चचे दिवस ऑगस्टच्या अखेरीपर्यंत हिशोबातून गळायला सुरुवातच होत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, ते वापरा. पूर्वी शिक्के पुसट निघायचे, अधिकारी घाईत असायचे, चार दिवस इकडेतिकडे झाले तरी खपून जायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. आता दिवस संगणक मोजतो.

अमेरिकेचं गणित आणखी वेगळं. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर ती नोंद ऑनलाइन काढून बघा, नाव आणि तारीख दोन्ही तपासा. व्हिसावरची तारीख बघून परतीचं तिकीट काढणारे मी पाहिलेत.

“मी तर फक्त विमान बदलणार आहे”

विमान बदलायलाही परवानगी लागू शकते. अमेरिकेतून पुढे जाताना तर इमिग्रेशन पार करावंच लागतं. नुसतं आतल्या आत थांबून पुढचं विमान पकडायची सोय तिथे नाही. त्यामुळे ज्यांना अमेरिकेसाठी व्हिसा लागतो, त्यांना दोन तासांच्या थांब्यालाही लागतो.

दुसरा सापळा स्वस्त तिकिटांचा. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडली की मधल्या विमानतळावर बहुतेकदा सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. सामानाचा पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणजे तुम्ही त्या देशात प्रवेश करताय, आणि त्याचा व्हिसा तुमच्याकडे नाही. अशा वेळी निघतानाच काउंटरवर बोर्डिंग पास नाकारला जातो. तिथल्या कर्मचाऱ्याशी भांडून काही होत नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला भरावा लागतो, म्हणून ते टायमॅटिक या प्रणालीत तुमचं नागरिकत्व आणि मार्ग टाकून बघतात आणि उत्तर ‘नाही’ आलं की विषय संपतो. एकाच बुकिंगवर सगळा प्रवास काढा. वाचलेल्या पैशांपेक्षा बुडालेलं तिकीट फार मोठं असतं.

खोटं बोलून काम साधणं

इथे मी मवाळ बोलू शकत नाही. “खात्यात आठवडाभर पैसे फिरवून देतो”, “हॉटेलचं खोटं बुकिंग करून देतो”, “आधीचा नकार लिहू नका, त्यांना कुठे कळतंय” असं सांगणारा एजंट भेटला तर उठून निघून या. त्याची फी तुम्ही देऊन बसता आणि शिक्षाही तुम्हालाच होते, कारण अर्जाखाली सही तुमची असते.

नकार मिळणं हा गुन्हा नाही. ओळखीतल्या एका मुलाला ब्रिटनचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता. कारण अगदी साधं, उत्पन्नाचे कागद अपुरे. पुढच्या वेळी कागद जोडून, आधी काय झालं ते सरळ लिहून अर्ज केला असता तर बहुधा मिळालाही असता. पण सल्ला मिळाला, की ‘याआधी व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिही. दुसरा नकार आला तो चुकीची माहिती दिल्याबद्दल, आणि ब्रिटनच्या नियमांत फसवणुकीला दहा वर्षांची बंदी आहे. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षं. अमेरिकेत तर जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं की प्रवेशबंदी कायमची, विशेष माफी मिळाली तरच सुटका. शिवाय अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश एकमेकांत बोटांच्या ठशांवरून माहिती पडताळतात. ‘त्यांना कुठे कळतंय’ हे वाक्य आता बाद झालंय.

पैशांचंही तसंच. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की संशय रकमेवर येत नाही, तिच्या अचानकपणावर येतो. ठेव मोडली असेल, जमीन विकली असेल, तर त्याचा कागद लावा आणि दोन ओळींत सांगा. खरी गोष्ट नीट सांगितली की ऐकली जाते.

आधी तिकीट, मग व्हिसा

ऑफर संपतेय म्हणून परत न मिळणारी तिकिटं काढायची आणि मग व्हिसासाठी धावाधाव करायची, या घाईला औषध नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्यात तर अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. मी तीन महिने आधी फाईल लावायला सांगतो. अर्जासोबत रद्द करता येणारं खरं आरक्षण चालतं.

अर्ज कुठे करायचा हेही स्वतः ठरवायचं नसतं. जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर पहिला प्रवेश जिथे, त्या देशाकडे. “अमुक देश लवकर देतो” म्हणून तिथून व्हिसा घ्यायचा आणि सगळी सहल दुसरीकडे करायची, याचा जाब सीमेवर विचारला जाऊ शकतो.

उरलेल्या, पण तितक्याच नडणाऱ्या

पासपोर्टची मुदत: पुष्कळ देश सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेनसाठी तिथून बाहेर पडल्यानंतर तीन महिने शिल्लक असले तरी पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. पान फाटलंय, कव्हर सुटलंय, तर नवा काढा. चिकटपट्टी लावू नका.

ई-व्हिसात पासपोर्ट क्रमांकाचं एक अक्षर चुकलं तरी तो तुमचा व्हिसा राहत नाही. शून्य आणि इंग्रजी ओ यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. भरून झाल्यावर दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं शोधयादीत सगळ्यात वर येतात. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. सिंगापूरचंही फुकट. कुणी पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

विमा: शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू. एक दिवस कमी पडला तरी फाईल अडते.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो, त्यानंतर आयुष्यभर. आदल्या दिवशी टोचून घेऊन काही होत नाही. आणि पीतज्वर असलेल्या देशात विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात, तरी पुढचा देश दाखला मागू शकतो.

मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा. हातातल्या म्हणजे हातातल्याच. हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि विम्याचे कागद छापून त्याच बॅगेत. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते आणि चेक-इन केलेली बॅग त्या वेळी काउंटरच्या पलीकडे पट्ट्यावर फिरत असते.