बेंबीच्या देठापासून : युरोपातला भूमिगत स्क्रीमो कसा शोधावा, कसा ऐकावा, कसा मागवावा

‘आतल्या खोलीत कुणाचं भांडण चाललंय?’ आईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं. भांडण नव्हतं. इटलीतल्या फोर्ली गावची पोरं होती, ला क्विएते नावाच्या बँडची. क्विएते म्हणजे शांतता. हा विनोद आईला समजावून सांगेपर्यंत गाणं संपलं, कारण त्यांची बरीच गाणी दीड-दोन मिनिटांचीच असतात.

त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘हे तुला सापडतं कुठे?’ तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. स्क्रीमो निघाला इमोतून, आणि इमो म्हणजे डोळ्यांवर आलेली झुलपं आणि काळं काजळ नव्हे. वॉशिंग्टनमधल्या हार्डकोर पंक (वेगवान, रागीट रॉक) वाजवणाऱ्यांनी १९८५ च्या आसपास राजकीय घोषणा थोड्या बाजूला ठेवून स्वतःच्या आत बघायला सुरुवात केली, तिथून हा प्रवाह निघाला. राइट्स ऑफ स्प्रिंग हे त्यातलं पहिलं ठळक नाव. नव्वदीच्या सुरुवातीला सॅन डिएगोत तो आणखी वेगवान आणि विस्कटलेला झाला, आणि गाणारा गाण्याऐवजी बेंबीच्या देठापासून ओरडू लागला. तो स्क्रीमो. पुढे मोठ्या कंपन्यांनी हेच नाव चकचकीत रेडिओ-रॉकला चिकटवलं, तेव्हा जुन्या मंडळींनी थट्टेत ‘स्क्रॅम्झ’ असा शब्द काढला. आज शोधताना हाच थट्टेतला शब्द जास्त कामाला येतो. नुसतं ‘स्क्रीमो’ टाकलंत तर भलतंच ऐकायला मिळेल.

पायरी पहिली : चारच रेकॉर्ड घ्या

शंभर बँडांची यादी घेऊन बसू नका. पहिला आठवडा चार रेकॉर्डवर काढा, तेही याच क्रमाने.

सुरुवात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या विवा बेलग्रादोपासून. त्यांचा ‘फ्लोरेस, कार्ने’ २०१४ चा. गिटारी सुरेल आहेत, श्वास घ्यायला जागा आहे. नवख्या कानाला सोसवेल असा हाच. मग फ्रान्समधल्या लियाँचा दाइत्रो. त्यांच्या २००५ च्या अल्बमच्या नावाचा अर्थ ‘सांगाड्यांना जगू द्या’. माझ्या मते युरोपियन स्क्रीमोचा एकच अल्बम ऐकायचा तर हा. तिसरा राएइन, हाही फोर्लीचा. त्यांनी २०११ मध्ये आख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट वाटून टाकला. आणि शेवटी ला क्विएतेचा २००४ चा, ज्याचं नाव आहे ‘शेवट म्हणजे शेवट नव्हे’. हा पहिला ऐकलात तर घाबराल, चौथा ऐकलात तर हसाल.

ऐकायची एक रीत सांगतो. पहिल्या वेळी आवाजाकडे लक्षच देऊ नका. ओरडणारा माणूस हे इथलं एक वाद्य आहे असं समजा आणि गिटार कुठे एकटी पडते, ढोल कुठे तुटून पडतो एवढंच ऐका. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवा. बरेच बँड ते आपल्या वेबपानावर देतात. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश काही येत नसलं तरी यंत्राकडून ओबडधोबड भाषांतर करून घ्या, तेवढं पुरतं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून. हेडफोनचा आवाज मात्र बेताचाच ठेवा. ही रेकॉर्डिंगं मुळातच चढ्या आवाजाची असतात.

पायरी दुसरी : नाव अक्षर अक्षर लावून शोधा

देवनागरीत लिहिलेली ही नावं शोधपेटीत उपयोगी नाहीत. राएइन म्हणजे आर, ए, ई, आय, एन. दाइत्रोमधल्या आयवर एक नव्हे, दोन टिंबं आहेत. ती नाही दिली तरी चालतं.

नावावरून देश मात्र ओळखू नका. सुइ ला ल्यून हे नाव फ्रेंच, बँड स्वीडनचा आणि गाणी इंग्रजीत. अमांडा वुडवर्ड हे एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या पात्राचं नाव, बँड फ्रान्समधल्या काँ शहराचा. ट्रिस्टान त्झारा हा दादावादी कवी, पण बँड जर्मन. तुलूझचा सेद नॉन सातियाता तर बोदलेरच्या कवितेचं शीर्षक लावून फिरतो. थोडक्यात, अर्धा बँड वाचनालयातून आलेला असतो.

पायरी तिसरी : मागची बाजू वाचा

हीच पायरी महत्त्वाची. बाकीच्या विसरलात तरी चालेल.

मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डच्या पाठीवर एकच लोगो असतो. इथे सहा-सात असतात, कधी दहाही. कारण असं की व्हायनल, म्हणजे तबकडी, छापायचा खर्च एका माणसाला झेपत नाही. मग तीनशे किंवा पाचशे प्रती काढायच्या ठरल्या की वेगवेगळ्या देशांतली चिमुकली लेबलं आपापला वाटा उचलतात आणि त्या हिशेबात प्रती घेतात. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त शेवटी पैशांऐवजी रेकॉर्डचे खोके घरी येतात. लेबल म्हणजे कार्यालय, शिपाई, पाटी असं काही नाही. बहुतेकदा एकच माणूस, दिवसा नोकरी करणारा, रात्री पलंगाखालचे खोके ओढून पार्सलं बांधणारा. पुढे तो आपल्या प्रती दुसऱ्या लेबलशी अदलाबदल करतो, म्हणून बर्लिनमध्ये निघालेली रेकॉर्ड पैशांचा व्यवहार न होताही कॅनडात पोचते.

म्हणजे पाठीवरचा प्रत्येक लोगो हा एका माणसाच्या आवडीचा पत्ता आहे. रेकॉर्ड आवडली की त्यातलं एक लेबल निवडा आणि त्याच्या पानावर जाऊन त्याने आणखी काय काढलंय ते ऐका. बर्लिनचं अदाजिओ ८३०, जर्मनीतलंच रिअ‍ॅक्ट विथ प्रोटेस्ट आणि डिंगलबेरी, ब्रिटनचं डॉग नाइट्स, आणि युरोपबाहेरून युरोपचं बरंच काही काढणारं कॅनडाचं झेगेमा बीच, एवढी नावं वहीत लिहून ठेवा. वर्षभर पुरतील.

दुसरा धागा स्प्लिटचा. एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी सामायिक रेकॉर्ड म्हणजे स्प्लिट. या जगात ती सोयरीक असते. दोन्ही बँड एकमेकांना ओळखतात, बहुधा एकाच व्हॅनमधून फिरलेले असतात. दाइत्रोच्या स्प्लिटमागे लागलात तर एकीकडे तुलूझला सेद नॉन सातियाताकडे पोचाल, दुसरीकडे थेट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या अँपिअरकडे. मी जवळपास निम्मा संग्रह असा ‘दुसरी बाजू’ ऐकून जमवलाय.

आतल्या कागदावर आभारांची यादी असते, बारीक टाइपात, कधी कधी नुसती हाताने लिहिलेली. ज्यांनी झोपायला जागा दिली, जेवू घातलं, गाडी दुरुस्त केली अशी मंडळी त्यात असतात आणि त्यांच्यामध्येच पाच-सहा बँडांची नावं दडलेली असतात. पेन्सिल घेऊन बसा.

डिजिटल पानालाही मागची बाजू असते. बँडकॅम्प या वेबसाइटवर बँड आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात. तिथे अल्बमच्या चित्राशेजारी तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारा, त्या माणसाचा आख्खा संग्रह उघडतो. ज्याच्या संग्रहात तुमच्या आवडीचे तीन बँड सापडतात, त्याचा चौथा ऐकलाच पाहिजे. कुठल्याही यंत्राच्या शिफारशीपेक्षा माझा या अनोळखी लोकांवर जास्त भरवसा आहे.

पायरी चौथी : पैसे द्या, पण वेळ बघून

बरेच बँड ‘तुम्हीच किंमत ठरवा’ असं लिहितात. शून्य टाकून उतरवून घेतलंत तर चोरी नाही, बँडने तशी मुभा दिलेली असते. पण फुकट डाउनलोडांचा महिन्याचा कोटा असतो, म्हणून दोन-तीन युरो टाकावेत असं मला वाटतं. फाइल निवडताना फ्लॅक घ्या, त्यात आवाजाचा दर्जा घटत नाही. नंतर एमपी३ करता येते, उलटं करता येत नाही.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के ठेवून घेतं. २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनात शो बंद पडल्यावर, त्यांनी ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू केला. त्या दिवशी स्वतःचा वाटा ते सोडतात. यात आपली फसगत होते ती घड्याळामुळे. तो शुक्रवार कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला, आणि त्यांच्या हिवाळ्यात दीडला. सकाळी चहाबरोबर खरेदी उरकलीत तर तो तुमच्यासाठी साधाच शुक्रवार. शनिवारी सकाळी मात्र चालतं.

यूपीआय इथे उपयोगाचं नाही. कार्ड लागतं, आणि नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करा, खरेदी झाली की परत बंद करा.

पायरी पाचवी : तबकडी मागवायची का?

पोटावर हात ठेवून विचार करा. बारा इंची रेकॉर्ड खोक्यासकट अर्धा किलोच्या आसपास भरते आणि युरोपातून एकटीच मागवली तर टपालखर्च बऱ्याचदा रेकॉर्डच्या किमतीला भिडतो. सात इंची मात्र हलकी, पाकिटात मावणारी. कॅसेट त्याहून सोपी. पहिली खरेदी सात इंचीच असावी.

मोठ्या रेकॉर्डसाठी दोन मार्ग. एक, तिघा-चौघांनी मिळून एकाच लेबलकडून मागवायचं. बऱ्याच लेबलांकडे स्वतःच्या रेकॉर्डशिवाय अदलाबदलीत आलेल्या शेकडो दुसऱ्या असतात, त्या साठ्याला डिस्ट्रो म्हणतात. त्यामुळे एका खोक्यात सगळ्यांचं भागतं. दुसरा, आपला हुकमी मार्ग : जर्मनीत एमएस करणारा भाचा. खोकं त्याच्या खोलीवर जाऊ द्या आणि दिवाळीला येताना बॅगेत कपड्यांच्या मधोमध, आडवं आणायला सांगा. भाच्याच्या आईला आधी विश्वासात घ्या, कारण वजनावरून तिचा चिवड्याचा डबा आणि तुमची रेकॉर्ड यांत परतीच्या वेळी तुलना होणार आहे.

टपालानेच येणार असेल तर कस्टम ड्युटी लागू शकते. पोस्टमन पावती दाखवून पैसे मागतो. विकणाऱ्याला पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. भेटवस्तूंवरची ड्युटीची सवलत भारतात २०१९ च्या डिसेंबरात गेली, आणि तसंही ते खोटंच. जून ते सप्टेंबरमध्ये मागवत असाल तर प्लास्टिकच्या वेष्टनाची आठवण मात्र जरूर करा. ओल लागलेलं कव्हर इस्त्रीने सरळ होत नाही. मी करून बघितलंय.

पायरी सहावी : सुई ठेवण्याआधी

माझी पहिली सात इंची आली तेव्हा तिच्या मधल्या लेबलवर फक्त एका पक्ष्याचं चित्र होतं. बँडचं नाव नाही, बाजू कुठली ते नाही, वेग (मिनिटाला किती फेरे) नाही. मी ३३ वर लावली. जड, चिखलातून चालल्यासारखं संगीत, त्यात विहिरीच्या तळातून येणारा रेड्यासारखा आवाज. वा, म्हटलं. आठ दिवस हेच ऐकलं, एका मित्राला ‘केवढं गंभीर काम आहे’ म्हणून ऐकवलंही. नवव्या दिवशी चुकून बटण ४५ वर गेलं आणि एक विशीतला पोरगा जिवाच्या आकांताने किंचाळू लागला. मित्राला मी अजून सांगितलेलं नाही.

तर, वेग लिहिलेला नसेल तर आधी बँडच्या पानावर तेच गाणं ऐका आणि त्याची लांबी घड्याळात बघा. मग टॉर्च घ्या. रेकॉर्ड दोन्ही तळहातांमध्ये कडेने धरा आणि उजेडात तिरकी करा. खाचा संपतात आणि मधलं लेबल सुरू होतं, त्या गुळगुळीत पट्टीत ओरखड्यांसारखं काहीतरी दिसेल. ते कोरलेले आकडे. त्यांच्यात बहुधा ए किंवा बी असतं, म्हणजे बाजू कळली. आणि नशीब असेल तर हाताने कोरलेलं एखादं वाक्य, विनोद, कुणाची तरी खोडी. कव्हरवर नाही, शब्दांच्या कागदावर नाही, फक्त तिथे.

पायरी सातवी : संपलेलं शोधताना

तीनशे प्रती संपल्या की संपल्या. मग डिस्कॉग्स, म्हणजे जुन्या-नव्या रेकॉर्ड विकल्या जातात ती वेबसाइट. तिथे किंमत बघताना रेकॉर्डची आणि कव्हरची अवस्था वेगवेगळी दिलेली असते, दोन्ही वाचा. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खूप छान असं समजू नका. त्या दर्जाची रेकॉर्ड चुरचुरते. ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली जाऊ नका. आणि विक्रेत्याकडे जाण्याआधी बँडला एक मेल टाकाच. कपाटात दोन-चार प्रती पडलेल्या असतात, पुष्कळदा छापील किमतीतच देतात. मेल साधा लिहा : मी पुण्याचा, अमुक रेकॉर्ड अमुक गाण्यासाठी आवडली, शिल्लक आहे का? उत्तर यायला तीन आठवडे लागले तर रागावू नका, ते लोक रात्रपाळीला असतात.

आणि भाच्याला भेटायला तुम्हीच जर्मनीला गेलात, तर गावातल्या युथ सेंटरच्या किंवा ताबा घेतलेल्या जुन्या इमारतींच्या दारावरची पोस्टरं बघत चला. तिकिटाऐवजी दारात डबा असतो, जमेल तेवढं टाकायचं. फ्रान्समध्ये त्याला ‘प्री लिब्र’ म्हणतात. बँड साधारण वीस-पंचवीस मिनिटं वाजवतो, तेव्हा उशिरा जाऊ नका. रेकॉर्डचं टेबल मागच्या भिंतीपाशी असतं आणि मघाशी जमिनीवर लोळून किंचाळणारा पोरगाच तिथे घाम पुसत सुट्टे मोजत उभा असतो. सुट्टे न्या. इअरप्लगही.